चाकं फिरण्याआधी प्रत्येक खिट्टीला हात लावा

अमेरिका-कॅनडात या उन्हाळ्यात कॅम्पर ट्रेलर घेऊन निघणाऱ्या समस्त मराठी कुटुंबांना तातडीचं आवाहन

मेमोरियल डेचा वीकएंड तोंडावर आला आहे. त्यामागोमाग शाळांना सुट्ट्या लागतील, चार जुलै येईल, भारतातून आलेल्या आई-बाबांना यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यन दाखवायचे बेत मार्गी लागतील. यंदाही आपल्यातली कितीतरी कुटुंबं पिकअपच्या किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मागे ट्रेलर जोडून हायवेला लागणार आहेत. कोणाचा स्वतःचा, कोणाचा मित्राकडून मागून आणलेला, बहुतेकांचा चार दिवसांच्या भाड्याचा. हिच कशी जोडायची, ब्रेक कंट्रोलर कसा लावायचा, ट्रेलर रिव्हर्स कसा घ्यायचा, याचे व्हिडिओ सगळे बघून ठेवतात. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं, आणि पहिल्या मुक्कामाला ट्रेलरचं दार उघडून कपाळावर हात मारायची वेळ येते ती बहुधा त्या ड्रॉवरमुळेच.

म्हणून ही कळकळीची विनंती आधी एका वाक्यात सांगतो. ट्रेलरची चाकं फिरण्याआधी, प्रत्येक वेळी, आतला प्रत्येक ड्रॉवर, प्रत्येक कपाट, फ्रिजचं दार आणि बाहेरची प्रत्येक झडप यांना कोणीतरी प्रत्यक्ष हात लावावा आणि ती नुसती लोटलेली नाहीत, पक्की अडकलेली आहेत, याची खात्री करावी. दारात उभं राहून नजर फिरवल्याने हे काम होत नाही. लोटलेला ड्रॉवर आणि अडकलेला ड्रॉवर लांबून अगदी सारखेच दिसतात.

निघायच्या गडबडीत असाल तर खालची यादी तेवढी वाचा आणि फ्रिजवर चिकटवा. थोडा वेळ असेल तर कारणंही वाचा, कारण कारण पटलं की यादी पाळायला कंटाळा येत नाही.

आत ऐकायला कोणी नसतं

घरात ड्रॉवर उघडा राहिला तर कोणाच्या तरी मांडीला लागतो आणि लगेच बंद होतो. मोटरहोममध्ये स्टिअरिंग आणि स्वयंपाकघर एकाच गाडीत असतं, त्यामुळे मागे काही आपटलं की पुढे ऐकू येतं. टो केलेल्या ट्रेलरचं तसं नाही. तो आपल्यामागे एकटा येत असतो. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवणं कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की निघाल्यावर दहाव्या मिनिटाला सुटलेला ड्रॉवर पुढचे चार तास प्रत्येक हादऱ्याला बाहेर येतो, आत आपटतो, पुन्हा बाहेर येतो, आणि आपण पुढे गाणी ऐकत असतो. आरशात ट्रेलर शहाण्यासारखा सरळ येताना दिसतो. त्याच्या पोटात काय चाललंय, याचा पत्ता नसतो.

चार तासांत काय होतं ते जरा जवळून बघा. आधी रुळाच्या टोकाची प्लॅस्टिकची अडण तुटते. मग रूळ वाकतो. ड्रॉवरची दर्शनी फळी पातळ स्क्रूंवर आणि पिनांवर बसवलेली असते, ती खिळखिळी होते. शेवटी अख्खा ड्रॉवर जमिनीवर येतो आणि सुऱ्या, किसणी, झारा, सोलाणं सगळं खोलीभर पसरतं. तोवर वरच्या कपाटाचंही दार सुटलेलं असतं आणि तिथून मसाल्याचा डबा खाली आलेला असतो. आपल्या स्टीलच्या डब्याचं झाकण नुसतं बसवलेलं असतं. डबा आडवा पडला की हळद, तिखट, मोहरी, जिरं सगळं मोकळं. त्यावर तेलाची बाटली लवंडली की पुढचे शंभर मैल त्या मिश्रणाची घुसळण चालू राहते. भाड्याच्या ट्रेलरमधला सोफा नेमका फिक्या रंगाचा असतो. तेलात भिजलेली हळद त्यावरून काढणारा साबण अजून निघायचा आहे, त्यामुळे डिपॉझिटवर पाणी सोडलेलंच बरं.

सोफ्याचं जाऊ दे. निसटलेला कुकर शेगडीवरच्या काचेच्या झाकणावर पडला तर झाकणाचा चुरा होतो. तोच नळाच्या दांड्यावर पडला आणि पाण्याचा पंप चालू राहिलेला असला, तर नळ उघडतो आणि भरून घेतलेली टाकी वाटेतच रिकामी होते. त्यात सिंकचं भोक एखाद्या फडक्याने बुजलेलं असेल तर ते सगळं पाणी जमिनीवर. लोणच्याची काचेची बरणी फुटली तर काचा आणि खार एकत्र. आणि मुक्कामाला पोहोचल्यावर सगळ्यांच्या आधी आत धावतं ते घरातलं सगळ्यात लहान मूल, तेही बहुतेक वेळा अनवाणी.

खिट्टी किती ओझं पेलते?

‘आमचा ट्रेलर नवा आहे, कपाटं घट्ट लागतात’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित मांडतो.

अनेक ट्रेलरमध्ये कपाटाचं दार छोट्या रोलरच्या किंवा लोहचुंबकाच्या पकडीवर टिकलेलं असतं. बऱ्या ट्रेलरमध्ये बटण दाबून उघडायच्या खिट्ट्या असतात. ड्रॉवर तर पुष्कळदा घरातल्यासारखेच बॉल-बेअरिंगच्या रुळांवर असतात, आणि बंद झाल्यावर त्यांना धरून ठेवते ती रुळातली एक इवलीशी खाच. स्थिर घरासाठी ती पुरेशी आहे. जुन्या ट्रेलरमधले ड्रॉवर किंचित उचलून मगच ओढता येत, कारण त्यांची खालची कड चौकटीमागे अडकत असे. ते दिसायला गावंढळ वाटत, पण रस्त्यावर बरेच भरवशाचे होते.

आता समजा, ड्रॉवरमध्ये पाच किलो भांडी आहेत. समोर हरीण आलं आणि तुम्ही ब्रेक दाबला. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने वेग कमी झाला, तर तो ड्रॉवर अडीच किलो वजनाइतक्या जोराने पुढे खेचला जातो. त्याचं तोंड ट्रेलरच्या पुढच्या बाजूला असेल तर तो ब्रेकला सुटतो. तोंड मागच्या बाजूला असेल तर चढावर आणि वेग घेताना सुटतो. तोंड आडवं असेल तर वळणावर. म्हणजे कुठल्या ना कुठल्या निमित्ताने प्रत्येक ड्रॉवरची पाळी येते.

या आडव्या ओढीच्या जोडीला उभे हादरे असतात. बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलर पाट्यांच्या स्प्रिंगवर उभे असतात आणि त्यांना शॉक ॲब्सॉर्बर नसतात. चाकांच्या मागे जितकं दूर जावं तितकी उसळी वाढते. ज्या ट्रेलरचं स्वयंपाकघर अगदी शेपटाला असतं, आणि अशी मांडणी आपल्या लोकांना मोठ्या खिडकीमुळे फार आवडते, तिथे भांड्यांचे खण नेमके सगळ्यात जास्त उसळणाऱ्या जागी असतात. त्यांना दुप्पट जपा.

रस्ता गुळगुळीत आहे म्हणून बिनघोर राहू नका. इंटरस्टेटच्या काँक्रीटचे सांधे, पुलाची सुरुवात आणि शेवट, रेल्वे क्रॉसिंग, पश्चिमेकडच्या रँचच्या रस्त्यांवर गुरं अडवायला बसवलेल्या लोखंडी गजांच्या जाळ्या, कॅम्पग्राउंडमधला शेवटचा कच्चा मैल, यांतलं काही ना काही वाट्याला येतंच. डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघालात तर ११,००० फुटांहून उंचावरचा आयझेनहॉवर बोगदा संपताच सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा उतार लागतो. तिथे सगळा भार पुढे येतो. अलास्का हायवेवर युकॉनमध्ये जमिनीखालच्या गोठलेल्या थरामुळे रस्त्याला फुगवटे आलेले असतात. साध्या वेगातही ट्रेलर तिथे घोड्यासारखा उधळतो.

उंचीची आणखी एक गंमत. घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो, तशा चिवड्याच्या आणि वेफर्सच्या सीलबंद पिशव्या टम्म फुगतात. गच्च भरलेल्या कपाटाचं दार त्या आतून ढकलू लागतात. केचपच्या आणि शांपूच्या बाटल्या झाकणाशी गळतात. कपाट भरताना थोडी मोकळी जागा ठेवा, आणि ती जागा टॉवेलने भरा म्हणजे सामान हलणारही नाही.

खरा धोका चहानंतर

घरून निघताना सगळे जागरूक असतात. यादी हातात असते, उत्साह असतो, ट्रेलरवाल्याने सांगितलेलं ताजं असतं. घोळ होतो तो दुसऱ्यांदा निघताना.

दोन तासांनी रेस्ट एरियात थांबतो. बाहेरचा चहा आई-बाबांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून कोणीतरी ट्रेलर उघडतं. पातेलं, गाळणं, साखर, आलं, कप. सोबत लाडवाचा डबा. पंधरा मिनिटांत चहा होतो, कप विसळून ओट्यावर ठेवले जातात, साखर खणात जाते, खण लोटला जातो. तेवढ्यात पुढून हॉर्न वाजतो, ‘चला, उशीर होतोय, अंधाराच्या आत पोहोचायचंय!’ आणि सगळे गाडीत. सकाळी केलेली तपासणी त्या एका चहाने रद्द झाली, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

म्हणून नीट समजून घ्या. तपासणी सहलीला एकदा करायची नसते आणि दिवसाला एकदाही नाही. ट्रेलरचं दार उघडलं गेलं, मग ते नुसतं बाथरूमला जाण्यासाठी का असेना, की मागची तपासणी संपली. निघण्याआधी नवी करायची.

मालवाहू ट्रकचालकांना अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार निघाल्यापासून पहिल्या ५० मैलांच्या आत माल पुन्हा तपासावा लागतो, आणि पुढे दर तीन तासांनी किंवा दर १५० मैलांनी, जे आधी येईल तेव्हा. आपल्या घरगुती ट्रेलरला हा नियम लागू नाही. पण ज्यांचं पोट रस्त्यावर आहे त्यांनासुद्धा एकदा बांधलेल्या मालावर दिवसभर विसंबू दिलं जात नाही, तर चार दिवसांच्या भाडेकरूने किती विसंबावं? पहिल्या ५० मैलांत एकदा थांबा. हिच, साखळ्या, टायर बघा, आणि दार उघडून आत डोकावा. काही सुटलं असेल तर तेव्हा ते नुसतं सुटलेलं असतं, मोडलेलं नसतं.

‘मला वाटलं तू बघितलंस’

आपल्या घरांत कामाची एक वाटणी आपसूक होते. हिच, टायर, ब्रेक हे नवऱ्याकडे. कपाटं, फ्रिज, खाणंपिणं बायकोकडे. काही घरांत उलट. दोघंही आपापलं काम चोख करतात, पण मधल्या गोष्टी कोणाच्याच नसतात. शॉवरचं सरकतं दार, बाथरूममधलं आरशाचं कपाट, पलंगाखालचा खण, टीव्हीखालचं कपाट, बाहेरच्या झडपा. यांच्याबद्दल मग मुक्कामावर ऐकू येतं, ‘मला वाटलं तू बघितलंस.’

भारतात जा-ये करणाऱ्या आपल्या सगळ्यांनी विमानातल्या कर्मचाऱ्यांना उड्डाणाआधी गॅलीत उभं राहून कपाटाकपाटाला हात लावताना पाहिलं आहे. तिथल्या फिरत्या खिट्ट्या पुष्कळदा लाल असतात, एखादी चुकीच्या स्थितीत असली की लगेच डोळ्यात भरते. ती माणसं रोज तेच काम करतात, तरी पाठ झालंय म्हणून सोडून देत नाहीत. आपणही तेच करायचं. एकाने यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने त्या त्या जागी हात लावून, किंचित ओढून, ‘अडकलंय’ म्हणायचं. दुपारच्या फेरीला भूमिका बदलायच्या. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे काम द्या. ती मोठ्यांपेक्षा कडक तपासनीस असतात आणि एकही खण सोडत नाहीत.

पोहोचल्यावर घाई नको

मुक्काम आला, पाय मोकळे करायचे आहेत, पोरं भुकेली आहेत. याच वेळी दुसरं मोठं नुकसान होतं, ते स्लाइड-आऊटचं. ट्रेलरची भिंत बाहेर सरकवून खोली मोठी करणारं ते बटण दाबण्याआधी आत बघायलाच हवं. रस्त्यात एखादा ड्रॉवर चार बोटं बाहेर आलेला असतो आणि सरकत्या भागाच्या वाटेत अडकलेला असतो. मोटरला ते कळत नाही. बटण दाबलं की ती ड्रॉवरची फळी उखडते, रूळ पिळवटते आणि कधी सरकत्या भागाचीच चौकट वाकडी करते. आधी दारातून किंवा खिडकीतून टॉर्च मारा. वाट मोकळी दिसली तरच बटण दाबा, आणि दाबताना एकाने आत लक्ष ठेवा. काही घासल्याचा, कुरकुरल्याचा आवाज आला की लगेच थांबा, थोडं उलटं घ्या, अडथळा काढा. निघताना स्लाइड आत घेतानाही हेच.

आत पहिलं पाऊल मोठ्या माणसाचं, आणि पायात बूट. वरची कपाटं उघडताना एक हात दारावर, दुसरा हात उघडणाऱ्या फटीखाली. आतलं सामान दाराला टेकून बसलेलं असतं. आजीने चहाची पूड काढायला हात वर केला आणि डब्यांची रास डोक्यावर आली, असं होऊ देऊ नका. फ्रिजचंही तसंच. दाराच्या कप्प्यात काचेच्या बाटल्या ठेवूच नका.

आणि अस्वलांच्या मुलखात असाल तर एक विशेष सूचना. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये ग्रिझली अस्वलांमुळे तंबू आणि कापडी भिंतींचे कॅम्पर चालत नाहीत, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या चालतात. अशा ठिकाणी सांडलेली साखर, तूप, शेव केराबरोबर दाराबाहेर लोटणं म्हणजे अस्वलाला जेवायचं आमंत्रण. सगळं पिशवीत भरा आणि अस्वलाला न उघडणाऱ्या कचरापेटीतच टाका.

बाहेरची झडप दुसऱ्याच्या जिवावर

आतापर्यंतचं नुकसान आपलं होतं. आता जे सांगतोय त्यात आपल्यामागून येणारी, आपल्याला न ओळखणारी माणसं आहेत.

ट्रेलरच्या पोटाखाली आणि कडेला सामानाचे कप्पे असतात. त्यांत खुर्च्या, कोळसा, पाण्याचे पाइप, लाकडी ठोकळे, हत्यारं. त्यांची झडप नीट बंद नसली तर ताशी ६० मैलांच्या वेगात त्या वस्तू रस्त्यावर पडतात. ट्रेलरच्या मुख्य दाराचंही तेच. खिट्टी लागली पण वरचं कुलूप लावायचं राहिलं, तर हादऱ्याने दार उघडून फडफडू लागतं आणि आतल्या मोकाट वस्तूंना वाट मिळते.

एएए फाउंडेशन फॉर ट्रॅफिक सेफ्टीने २०१६ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार २०११ ते २०१४ या चार वर्षांत रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे अमेरिकेत दोन लाखांहून अधिक अपघात झाले. सुमारे ३९,००० माणसं जखमी झाली आणि पाचशेहून अधिक दगावली. यांतले सुमारे दोन तृतीयांश अपघात गाडीची निगा नीट न राखल्यामुळे किंवा सामान नीट न बांधल्यामुळे गाडीतून पडलेल्या वस्तूंमुळे झाले होते.

फेब्रुवारी २००४ मध्ये सिॲटलजवळ आय-४०५ वर एका भाड्याच्या उघड्या ट्रेलरमधून फर्निचरची फळी उडाली आणि मागच्या गाडीची काच फोडून चालवणाऱ्या तरुणीच्या चेहऱ्यावर आदळली. ती वाचली, पण तिची दृष्टी कायमची गेली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याने कायदा केला. न बांधलेल्या सामानामुळे कोणाला इजा झाली तर तो तिथे फौजदारी गुन्हा ठरतो. ‘झडप लावायची राहिली’ हे उत्तर तिथे चालत नाही. चालू नयेच.

यादी: ही फ्रिजवर चिकटवा

१. जड खाली, हलकं वर. कुकर, कढई, तवा, डाळ-तांदूळ जमिनीलगतच्या कपाटात आणि शक्यतो चाकांच्या जवळ किंवा पुढे. वर फक्त पाव, कागदी ताटल्या, टॉवेल. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर हवा. अगदी मागे जड सामान भरलं की तो घटतो आणि ट्रेलर डुलायला लागतो.

२. काच घरी. लोणचं, तूप, मध प्लॅस्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांत. मसाल्याचा डबा आडव्या-उभ्या रबरबँडने बांधून झिपच्या पिशवीत.

३. प्रत्येक खणाच्या तळाला रबरी जाळीची चटई. सामान घसरलं नाही तर दाराला धक्काही बसत नाही.

४. प्रत्येक ड्रॉवरला दुसरा अडसर. एकाखाली एक ड्रॉवर असतील आणि त्यांना धनुष्यासारख्या मुठी असतील, तर सगळ्या मुठींतून एक काठी किंवा पीव्हीसीचा पाइप उभा ओवा आणि वर-खाली पट्ट्याने बांधा. मुठी नसतील तर लहान मुलांसाठी मिळणारी कुलपं किंवा वेल्क्रोचे पट्टे. काहीच हाताशी नसेल तर रंगारी वापरतात ती निळी टेप. ती चिकट डाग न सोडता निघते, भाड्याच्या ट्रेलरला चालते.

५. जोडदारांच्या मुठींभोवती पट्टा. टोकाला आकडा असलेले ताणाचे दोर शक्यतो नकोत. निसटले तर सरळ डोळ्यावर येतात.

६. फ्रिजच्या दाराला प्रवासाची खिट्टी असते, ती लावा. आत प्रत्येक फळीवर स्प्रिंगचा आडवा दांडा.

७. शेगडी रिकामी, काचेचं झाकण खाली, जाळ्या घट्ट. गॅसचं सिलिंडर बाहेरून बंद. पाण्याचा पंप बंद.

८. शॉवरचं दार, आरशाचं कपाट, बाथरूमचं दार, पलंगाखालचा खण, टीव्ही. ओटा पूर्ण मोकळा, कपही नको.

९. बाहेर पडून मुख्य दाराची खिट्टी आणि वरचं कुलूप. मग ट्रेलरभोवती एक पूर्ण चक्कर. प्रत्येक झडपेला हात.

१०. पहिल्या ५० मैलांत थांबा, आत डोकावा. त्यानंतर दार उघडलं की यादी पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या वेळी याला दहा मिनिटं लागतील. सवय झाली की तीन.

आणखी काही विनंत्या

ज्यांचा स्वतःचा ट्रेलर आहे आणि जे तो मित्रांना देतात, त्यांना विनंती. किल्ली देताना हिचची माहिती देता तशी खिट्ट्यांचीही द्या. कुठला ड्रॉवर हुलकावणी देतो, कुठली पकड ढिली आहे, हे तुम्हालाच ठाऊक असतं. हंगाम सुरू होण्याआधी एका संध्याकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सगळ्या पकडी घट्ट करा. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात लाकडी टूथपिक गोंदासह ठोका, वाळू द्या आणि पुन्हा स्क्रू बसवा. लोहचुंबकाच्या पकडीच्या जागी बटणाची खिट्टी बसवणं हे फार मोठं काम नाही आणि खर्चही बेताचा आहे.

भाड्याने घेणाऱ्यांना विनंती. ताबा घेताना मालकासमोर प्रत्येक ड्रॉवर उघडून बंद करा, मोबाइलवर व्हिडिओ काढा, ढिलं असेल ते लेखी सांगा. त्यात संकोच कसला? परत करताना वाद होण्यापेक्षा हे बरं.

महाराष्ट्र मंडळांच्या आणि मित्रमंडळींच्या सामुदायिक कॅम्पिंगच्या आयोजकांना विनंती. पाच-सात ट्रेलरचा ताफा निघतो तेव्हा पुढच्या गाडीची घाई सगळ्यांना लागते. ताफा सुटण्याआधी दहा मिनिटं तपासणीसाठी म्हणून वेळापत्रकात लिहूनच ठेवा. शेजारच्याने शेजारच्याचा ट्रेलर बाहेरून तपासावा. आपल्या नजरेला सवयीने न दिसणारी उघडी झडप परक्या नजरेला चटकन दिसते.

भारतातून आलेल्या आई-बाबांना नम्र विनंती. प्रवासात मधल्या थांब्याला काही हवं असेल तर हक्काने मागा, पण कपाट स्वतः उघडू नका. आणि मुला-सुनांना, लेकी-जावयांना विनंती, की थर्मासमध्ये चहा भरून आणि लाडवाचा डबा गाडीतच घेऊन निघा. अर्ध्याअधिक वेळा ट्रेलर उघडायची गरजच पडणार नाही.

या शुक्रवारी निघणार असाल तर गुरुवारी रात्रीच टेप, पट्टे, दांडे आणून ठेवा. ही यादी तुमच्या सहलीच्या ग्रुपवर आत्ताच पाठवा, आणि नुसती पाठवून थांबू नका. कोण वाचणार, कोण हात लावणार, ती दोन नावं यादीखाली लिहा. ती दोन माणसं ‘सगळं अडकलंय’ असं म्हणत नाहीत तोवर चालवणाऱ्याने गाडी गिअरमध्ये टाकायची नाही, मग मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो.